रोमन 'व्हिला'ला मराठीत काय म्हणावं?

तिरफळ
पॉम्पेईजवळ बोस्कोरेआले इथे 'व्हिला रेजिना' नावाचं एक रोमन शेतघर आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, १९७७ पासून उकरायला घेतलं. त्यावर शाळकरी मुलांसाठी मजकूर अनुवादित करतेय. घर साधंच आहे. अंगणात तोंडापर्यंत पुरलेले १८ मातीचे कुंभ, त्यांत द्राक्षाची दारू मुरायची. शेजारी द्राक्षं तुडवायची कुंडी. 'व्हिला' ठेवलं तर संपादकबाई म्हणतात, मुलांना लोणावळ्याचा स्विमिंग पूल दिसेल. 'वाडा' केलं तर म्हणे पेशवाई वाटते. काय करू?

माडवाला
'वाडी' करा. आमच्याकडे गुहागरला वाडी म्हणजे घर, गोठा, विहीर, माडपोफळी, सगळं मिळून. तुमच्या रोमनाचंही तेच की.

जिरायती
घाटावर वाडी म्हणजे दहावीस घरं. मुलं विचारतील, बाकीची घरं कुठं गेली? रानात एकटं घर असलं की आम्ही 'वस्ती' म्हणतो. 'पाटील वस्ती' नावाचे एसटीचे थांबेसुद्धा आहेत.

माडवाला
आणि मुंबईच्या पोरांना वस्ती म्हटलं की झोपडपट्टी दिसेल. छान.

देववाणी
'कृषिनिवास' हा निर्दोष शब्द असताना ही ओढाताण कशाला?

जिरायती
कृषिनिवास म्हटलं की मला बांधकाम खात्याचं विश्रामगृहच दिसतं.

द्राक्षकन्या
मळा! आमची माणसं 'मळ्यात राहतो' म्हणतात, त्यात घर आलंच. पण मळा म्हणजे विहिरीचं पाणी. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी वेली पावसावरच असणार, म्हणजे तेही पूर्ण बसत नाही. वेलींना मात्र 'बाग'च म्हणा. नाशकात नुसतं 'बाग' म्हटलं तरी द्राक्षबागच समजतात. तिकडच्या बागांची मुळं कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत सिमेंट ओतून कुठली वेल कुठे होती ते काढलंय. वाचताना अंगावर काटा आला.

तिरफळ
बाग पक्की. आता कुंभांचंही सांगा. लॅटिनमध्ये डोलियम. 'रांजण' लिहिलंय.

जिरायती
रांजण पाण्याचा. जमिनीत साठवण म्हटलं की पेव. आमच्या आजोळच्या पेवात आजोबा दिवा सोडून बघायचे. विझला तर कुणी उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते.

माडवाला
पेव म्हणजे धान्याचा खड्डा हो, त्यात दारू ओतली तर जमीनच पिऊन टाकेल. रांजणच बरोबर. कोकणातही अर्धा पुरलेला असतो, पाणी गार राहतं.

कोशकीटक
माझं जुनं मत पुन्हा मांडतो: 'डेरा', म्हणजे मोठा माठ, हा डोलियमवरूनच आलेला. नेवाशाला रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघालेत, हे सर्वमान्य आहे.

द्राक्षकन्या
दादा, नेवाशाला निघाले ते अँफोरा, दोन कानांचे, जहाजातून यायचे. डोलियम एकदा पुरला की तिथंच. तो काय चालत आला? उगाच काहीही. लॅटिनशी नातं हवंच असेल तर 'जू' घ्या. संस्कृत युग, लॅटिन युगुम, एकाच घरातले. बैलजोडी दिवसात नांगरते ती जमीन एक युगेरुम, म्हणजे आपले साधारण २५ गुंठे.

जिरायती
आमची जोडी एवढं नांगरेल का, विचारून सांगतो.

पांढरीवाला
मूळ प्रश्न सोडून एक सांगतो. गावाची जागा ती पांढरी, शेताची ती काळी. उत्खननवाले आपल्याकडे पांढरीची टेकाडंच हेरतात. चुलीची राख आणि पडलेल्या भिंतींची माती साचून ती फिकी होते. इंग्लंडात खडूच्या जमिनीवर बरोब्बर उलटं. रान पांढरं, आणि रोमन काळातले बुजलेले चर, खड्डे काळे दिसतात. आता अनुवादक तिथं 'पांढरी' लिहील का?

देववाणी
'वसतिस्थान' लिहावं.

माडवाला
आला कृषिनिवासचा धाकटा भाऊ.

कोशकीटक
डेऱ्याचं सोडा. लॅटिन 'व्हिला'वरूनच इंग्रजी 'व्हिलन' आला. व्हिलाच्या जमिनीवर राबणारा कुळवाडी तो व्हिलन, म्हणजे वरच्यांच्या लेखी गावंढळ, मग दुष्ट. आणि संस्कृतात 'खल' म्हणजे खळंही आणि दुष्टही! खळ्यावरचा माणूस तो खलनायक. सांगा आता योगायोग आहे म्हणून.

द्राक्षकन्या
योगायोगच आहे. दोन वेगळे शब्द सारखे दिसले म्हणून काय झालं? 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्स, तसं.

कोशकीटक
टॅक्स हातानेच घेतात ना?

तिरफळ
उद्या मजकूर द्यायचाय हो. तूर्त 'शेतवाडा' लिहिलंय.

जिरायती
शेतवाडा म्हणजे गोठा वाटतोय, ताई.

देववाणी
'टॅक्स' कशाला? करच म्हणा.