नरक्याची लागवड आणि विक्री खुली करावी का?

घाटवाट: आंबोली, कोयना, चांदोली पट्ट्यातून नरक्याची चोरटी तोड वर्षानुवर्षं चालू आहे. सदाहरित जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे लहान झाड, पावसाळ्यात फुललं की उग्र वासानेच ओळखू येतं. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या रसायनापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरची औषधं तयार होतात. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडात प्रथम सापडलं, मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी या शास्त्रज्ञांना. पुढे १९७२ मध्ये ते नरक्यातही मिळालं, आणि तिथून आपल्या झाडाच्या मागे कुऱ्हाड लागली. औषध तर हवंच आहे. मग शेतकऱ्याला मालकीच्या जमिनीत नरक्या लावू द्या, सरळ विकू द्या. उघड बाजारात माल मिळाला तर जंगलात कोण शिरेल?

कातळकडा: पूर्ण विरोध. खैराचं काय झालं ते कोकणात सगळ्यांनी पाहिलंय. वन खात्याचा वाहतूक पास मालकीच्या झाडांचा आणि गाडीत ओंडके राखीव जंगलातले! खैराचा निदान ओंडका तरी दिसतो. नरक्याच्या ढलप्या करून पोत्यात भरतात. नाक्यावरच्या वनरक्षकाने पोतं उघडून काय ओळखायचं? शिवाय बागेतलं झाड वाढवायला वर्षं लागतात, जंगलातलं फुकट आणि आज हातात. व्यापारी कुठलं घेईल?

घाटवाट: बांबूबद्दलही हीच भीती होती. २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला, तेव्हा कुठे शेतकऱ्याची परवान्यातून सुटका झाली.

कातळकडा: बांबूचं बेट दरवर्षी नवे कोंब देतं. नरक्याची बरोबरी त्याच्याशी नको.

रोपवाटिका_सिंधुदुर्ग: थोडं थांबा. नरक्याचा बुंधा राखून वर तोडलं तर त्यालाही धुमारे फुटतात. पण कॅम्प्टोथेसिन मुळांत भरपूर असतं, म्हणून चोर मुळासकट उपटतात. तिथे परत काहीच उगवत नाही, बी धरणारं झाडही जातं. मी लागवडीच्या बाजूने आहे, पण दोन अटींवर: मूळ विकायला कायमची बंदी, आणि सातबाऱ्यावर झाडाची नोंद रोप लावतानाच. तोडीच्या वेळी अचानक ‘माझ्याकडे दोनशे झाडं आहेत’ म्हणणाऱ्याला पास नाही.

कातळकडा: मूळबंदी मान्य, पण ढलप्यांच्या पोत्यात मूळ कुठलं नि खोड कुठलं हे पुन्हा कोण तपासणार? आणि पकडला कोण जातो? रोजावर कोयता चालवणारा गावातला पोरगा. माल उचलणारा दलाल कधीच सापडत नाही. आधी खरेदीदार कंपन्यांना प्रत्येक पोत्याचा हिशेब द्यायला लावा. तो कायदा होईपर्यंत विक्री खुली करायला माझा विरोधच राहील.

घाटवाट: खरेदीदारावर बंधन घाला, माझा पाठिंबा आहे. पण रोपं आत्ताच लावू द्या. कायदा व्हायला दहा वर्षं लागली, तर तोवर झाडं तरी तयार असतील.