मदत हवी आहे: फाइलवर तीन नावं, जायचं नक्की कोणाकडे?

अन्वीची_आई: लेक काही खात नाही. दीड महिन्यात तीन डॉक्टर झाले, फाइलवर तीन नावं आली. एकांनी ‘फीडिंग डिसऑर्डर’ लिहिलं, दुसऱ्यांनी ‘डिस्फेजिया’, तिसरीकडे ‘आरफिड’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. परवा चौथ्या मॅडमनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. अहो, ती बोलत नाही म्हणून नाही, जेवत नाही म्हणून गेले होते मी! ओपीडीत भागेल की ॲडमिट करावं लागेल? सोमवारपर्यंत ठरवायचंय, ह्यांना रजा टाकायची आहे. सासूबाई म्हणतात लाडावलीय. प्लीज लवकर सांगा.

निशा_ठाणे: वय? वजन? ‘काही खात नाही’ म्हणजे दूधसुद्धा नाही?

कऱ्हाडकर_काका: आमचा नातूही असाच होता. नाचणीचं सत्त्व, वर साजूक तूप आणि बोटभर मध. पंधरा दिवसांत वाटी चाटूनपुसून खायला लागला.

निशा_ठाणे: काका, वय कळल्याशिवाय मध नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडणारा आजार, होऊ शकतो.

कऱ्हाडकर_काका: आमच्या घरात चार पिढ्या चाटवतात. कुणाला काही झालं नाही.

अन्वीची_आई: १४ महिन्यांची आहे. वजन ७.२ किलो. दूध घेते बाटलीने, पण ठसके लागतात.

कऱ्हाडकर_काका: मग वर्ष उलटलंय की. द्या मध.

वाचा_श्रवण: मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांचं गिळणं हेच माझं रोजचं काम. ओठ, जीभ, घसा बोलायला लागतात तेच गिळायलाही, म्हणून तुम्हाला आमच्याकडे पाठवलंय. चार गोष्टी सांगा. किती आठवड्यांची जन्मली? नाकात नळी होती का? निमोनिया झालाय का? दूध प्यायल्यावर आवाज बदलतो का?

अन्वीची_आई: ३१ आठवड्यांची. पाच आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, नळी होती. निमोनिया दोनदा. दूध झालं की गळ्यात पाणी अडकल्यासारखी घरघर येते, थोड्या वेळाने जाते. हे जुनं झालं म्हणून लिहिलं नाही.

निशा_ठाणे: अगं, हेच आधी लिहायचं ना!

ओटी_मीरा: मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नळीवर राहिलेल्या बाळांना तोंडाजवळ काही आलं की नको वाटतं. आधी सेन्सरी थेरपी, म्हणजे स्पर्श-चवीची हळूहळू सवय, सुरू करा. बसवताना पाठ सरळ, पाय टेकलेले.

वाचा_श्रवण: बसवण्याबद्दल अनुमोदन. पण ‘आधी सेन्सरी’ हे मला पटत नाही. दोन निमोनिया आणि ओला आवाज असताना दूध श्वासनलिकेत जातंय का हे पहिलं बघायला हवं. काही बाळांना तर ठसकाही लागत नाही, गुपचूप आत जातं.

ओटी_मीरा: मी तपासणी टाळा म्हटलं नाही. दोन्ही एकदम चालू शकतं. आमच्याकडची मुलं तीन-तीन महिने तपासणीच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तोवर काय करायचं?

मेलबर्नची_स्नेहल: इथे आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे खाण्यापिण्याच्या पातळ-घट्टपणाच्या ० ते ७ पातळ्या असतात. १० मिलीची सिरिंज भरून १० सेकंद सोडायची, उरेल त्यावरून पातळपणा ठरतो. दूध घट्ट करणारी थिकनर पावडर घालून बघा.

वाचा_श्रवण: कृपया स्वतःहून थिकनर नको, त्यातही वेळेआधी जन्मलेल्या बाळाला. झँथन गमच्या एका थिकनरबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) २०११ मध्ये अशाच बाळांसाठी इशारा दिला होता, आतड्यांच्या गंभीर आजारामुळे.

आता नावांबद्दल. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास. कशामुळे, ते त्यात येत नाही. आरफिड म्हणजे खाणं टाळणं किंवा अगदी मोजकंच खाणं; डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या २०१३ च्या अमेरिकी सूचीतलं, मानसोपचाराचं नाव. ठसके लागणाऱ्या बाळावर ते घाईने चिकटवू नये, नाहीतर सगळे ‘खायला नको म्हणते’ एवढंच धरून बसतात. २०१९ पासून ‘पीडिॲट्रिक फीडिंग डिसऑर्डर’ ही व्याख्या आहे: किमान दोन आठवडे वयाप्रमाणे खाणं होत नाही आणि त्यामागे आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य किंवा घरातलं वातावरण, यातलं एक वा जास्त. तीन महिन्यांवर गेलं की जुनाट. म्हणजे तुमच्या फाइलवरची नावं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. लाड मात्र यात कुठेच बसत नाहीत.

ॲडमिट केव्हा? पाणी कमी पडलं, वजन उतरायला लागलं, श्वासाचा त्रास झाला किंवा नळी घालायची ठरली तर. नाहीतर ओपीडी आणि घरचा सराव. मात्र गिळण्याचा एक्स-रे, म्हणजे व्हिडिओफ्लुरोस्कोपी, होते तिथेच जा. बेरियम मिसळलेलं दूध पाजत घसा पडद्यावर बघतात.

डोंबिवलीकर: जेवणाची उंच खुर्ची लाकडी घ्यावी की प्लॅस्टिकची? आमची सतत डुगडुगते.

निशा_ठाणे: वेगळा धागा काढा ना. अन्वीची आई, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का विचार, तिथे पैसे लागत नाहीत. मुंबईत नायरला आणि पुण्यात भारती विद्यापीठाला स्पीच थेरपीचं शिक्षण चालतं, तिथेही चौकशी कर.

अन्वीची_आई: आज सासूबाईंनी भरवलं, मी व्हिडिओ काढला. अर्धी वाटी मऊ भाताला ५० मिनिटं. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि घास गालातच. सासूबाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि वाटी बाजूला ठेवली. आता तपासणीपर्यंत दूध बंद करू का?

वाचा_श्रवण: स्वतःहून बंद नको, वजन आधीच कमी आहे. आजच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करून ‘दोन निमोनिया आणि दुधानंतर ओला आवाज’ एवढंच सांगा, दूध कसं द्यायचं ते ठरवतील. तोवर मांडीवर आडवी पाजू नका. दर दोन-तीन घोटांनी बाटली काढा, ठसका लागला की थांबा. ओठ निळे पडले किंवा श्वास जोरात चालला तर सोमवारची वाट न बघता थेट इमर्जन्सीत. हा व्हिडिओ जपून ठेवा, तपासणीला दाखवा.