'व्हेनिसला जाऊन पस्तावलो' या धाग्याला उत्तर

भटकभवानी:
तिथेच लिहिणार होते, पण उत्तर लांबलं. लेखकांची तक्रार अशी की कालव्यांना वास येतो, मुंगीला शिरायला जागा नाही, कॉफीला लुबाडतात आणि वर शहरात शिरायचे पैसे घेतात.

अहो दादा, सकाळी अकराला उतरलात, सान मार्को चौकात फोटो काढलेत, रियाल्तो पुलावर धक्के खाल्लेत आणि चारला परत. ते शिरायचे पैसे तुमच्यासारख्या दिवसभराच्या पाहुण्यांसाठीच आहेत! २०२४ पासून सुरू झाले, तेही ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार. संध्याकाळी कान्नारेजो या व्हेनिसच्या वस्तीत जा. गल्लीवर आडव्या दोरीला चादरी वाळताहेत, कालव्याच्या कठड्यावर ग्लास ठेवून पोरं उभ्याने वाईन पिताहेत. चौकातली कॉफी महाग, कारण वाजंत्र्यांचे पैसे वेगळे लावतात. गल्लीतल्या बारमध्ये उभ्याने प्या, दीड-दोन युरोत काम होतं.

नाना_डोंबिवली (मूळ लेखक):
वा! म्हणजे चूक आमचीच. गोंडोला अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना ११०. हा सरकारी दर बरं का, लबाडी नाही. बोटबसचं साधं तिकीट साडेनऊ युरो. आईचे गुडघे दुखतात, तिथे दर शंभर पावलांवर पायऱ्यांचा पूल. तिला कान्नारेजोला काय पाठुंगळी नेऊ?

पादोवाकर:
व्हेनिसपासून ट्रेनने अर्ध्या तासावर राहतो, म्हणून बोलतो. १९५१ साली जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक होते, आता पन्नास हजारांच्याही आत. माझ्या सहकाऱ्याच्या गल्लीतलं खिळे-कुलपांचं दुकान गेलं, तिथे मुखवटे आले. साधा बल्ब आणायला तो पाण्यापलीकडे मुख्य जमिनीवरच्या मेस्त्रेला जातो. मोठ्या क्रूझ बोटी २०२१ मध्ये ज्युदेक्का कालव्यातून हद्दपार केल्या, तरी गर्दी आहेच. त्या वाळत्या चादरी बघायला भटकभवानी गेल्या की त्यांच्यामागे अजून हजार जण जाणार. कृपया कान्नारेजोची जाहिरात थांबवा.

भटकभवानी:
म्हणजे मीही गर्दीच. बरं बाई, मान्य. पण मी निदान तिथलं खाते. ग्रुप टूरवाल्यांना व्हेनिसमध्येही पनीर बटर मसाला लागतो!

सुलभाताई:
हे बोलणं लागलं. माझ्या यजमानांना डायबेटिस, ठरल्या वेळी जेवण लागतं. टूरवाल्यांनी दीडला वरणभात दिला म्हणून आम्ही युरोप बघितला. प्रत्येकाला कटलफिशची काळी शाई घातलेला भात झेपत नाही.

भटकभवानी:
ताई, तुम्हाला नाही म्हटलं. पण ते थेपले चर्चच्या पायरीवर बसून…

नाना_डोंबिवली:
थेपल्यांवर जाऊ नका! आणि सान मार्कोत पायरीवर बसलं तर दंड आहे हे आम्हाला आधी कुणी सांगितलं? टूर मॅनेजर छत्री उंच धरून पुढे पळतोय, मागे आम्ही चाळीस जण.

पादोवाकर:
चाळीस? २०२४ पासून पंचवीसच्या वर गट न्यायला मनाई आहे. स्पीकरही बंद.

नाना_डोंबिवली:
आम्ही त्यानंतरच गेलो होतो. म्हणजे मॅनेजरनेच नियम मोडला. शिवाय प्रवेशाचे म्हणून माणशी पाच युरो बसमध्येच रोख गोळा केले.

पादोवाकर:
मुक्काम कुठे होता?

नाना_डोंबिवली:
मेस्त्रेला. स्टेशनसमोर.

पादोवाकर:
मग तुम्हाला फी नव्हतीच! मेस्त्रे व्हेनिस महापालिकेत येतं. तिथे रात्री राहणाऱ्यांना माफी असते, फक्त ऑनलाइन नोंद करावी लागते.

सुलभाताई:
अगंबाई! आमच्याकडूनही घेतले होते. आम्हीपण मेस्त्रेलाच होतो.

भटकभवानी:
घ्या. आणि लुटलं म्हणे व्हेनिसने.

नाना_डोंबिवली:
वास येतोच, ते मी मागे घेणार नाही. पावती शोधतोय. ताई, तुमची टूर कुठली, व्यक्तिगत निरोप करा.