मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या आईला काय वाचून दाखवू?

सर्वांना जय ख्रिस्त. आम्ही मिरजेचे. आईच्या किडन्या निकामी झाल्यात, एक दिवसाआड डायलिसिस असतं. घरी आली की फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचतात तो) हात उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडते. बायबल उघडणं बंदच केलंय. परवा म्हणाली, "देवाला सांगायचं ते सांगून झालं, आता माझ्याच्याने काही बोलवत नाही."

भेटायला येणारे चांगल्या मनानेच येतात, पण "विश्वास धरा, बऱ्या व्हाल" म्हणून जातात आणि ती आपलाच विश्वास कमी पडला म्हणून झुरत बसते. (वर कुणीतरी शहाळं आणतं! पोटॅशियममुळे तिला ते चालत नाही, सांगून सांगून दमलो.) प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती करूनही त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, गेला नाही, बायबलात 2 करिंथ 12 मध्ये आहे. मग त्याचाही विश्वास कमीच होता का?

मला तिला बायबलातलं स्तोत्र 88 वाचून दाखवावंसं वाटतं. त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, पण गाऱ्हाणं देवापुढेच मांडलंय. बायको म्हणते, त्या आणखी खचतील, 23वंच ("परमेश्वर माझा मेंढपाळ") वाचा. तुम्ही आजारी माणसाजवळ बसून काय वाचलंत?

पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन (प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस) द्यायला तयार आहेत, पण "मनात एवढी कुरकुर असताना कसं घेऊ?" असं आई म्हणते. तिला काय सांगावं?

उपदेश नको, अनुभव लिहा. सांगली-मिरजेकडच्या, स्वतः डायलिसिसवर असलेल्या कुणी ताई-मावशी तिच्याशी फोनवर बोलतील का? दुपारी 4 नंतर ती जागी असते.