मदत हवी आहे: गिट्टी खाणीची रॉयल्टी, जीएसटी आणि कामगारांची छाती-तपासणी

नमस्कार मंडळी. उमरेड रोडला मामांची गिट्टीची छोटी खाण आहे, हिशेब मी बघतो. दोन गोष्टींत अडलोय.

सरकारला भरलेल्या रॉयल्टीवर (दगड काढण्याबद्दल द्यायची रक्कम) रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, 18% जीएसटी आम्हालाच भरावा लागतो. गिट्टी विकताना मात्र 5%. त्यामुळे क्रेडिट (भरलेला जीएसटी, जो विक्रीवरच्या करातून वजा होतो) लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी खात्यात, तुंबत चाललंय, आणि रॉयल्टी सेवेत मोडत असल्याने त्याचा रिफंड नाही, असं सीए म्हणतात. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने रॉयल्टी हा कर नाही असं सांगितलं, म्हणून आता जीएसटी लागत नाही, असं एक क्रशरवाले छातीठोकपणे सांगत होते. मला ते पटत नाही. दोन्ही विषय वेगळे आहेत. पण हे क्रेडिट तुम्ही लोक जिरवता कसं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. ड्रिलवाल्या पोरांच्या भुवया दुपारपर्यंत दगडाच्या धुळीने पांढऱ्या होतात, तोंडाला नुसता गमछा. मामा म्हणतात, खाण लहान, आपल्याला नियम नाहीत. पण 1952 च्या खाण कायद्यातली सूट सुरुंग न लावणाऱ्या, 6 मीटरपेक्षा खोल नसलेल्या खाणींनाच होती, आणि आमच्याकडे ब्लास्टिंग होतं! पाणी मारून ड्रिलिंग करायला मी त्यांना कसंबसं राजी केलंय.

नागपुरात सिलिकोसिससाठी (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) एक्स-रे नीट वाचणारे डॉक्टर कुठे भेटतील? टीबी समजून औषधं सुरू करणारे नकोत. साधारण खर्चही सांगा.