मदत हवी आहे: पोस्ट-बॅकवाले अर्जात नक्की काय बघतात?

सईची_आई: मुलगी इकॉनॉमिक्स शिकली, दोन वर्षं नोकरी केली, आता म्हणते डॉक्टरच व्हायचंय. पोस्ट-बॅकला, म्हणजे पदवीनंतर मेडिकलआधीचं सायन्स शिकवणाऱ्या कोर्सला, अर्ज करतेय. यादीत ब्रिन मॉर आणि गाउचर ही अमेरिकेतली कॉलेजं आहेत. जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) चांगला आहे. निबंधात काय लिहावं? अर्ज याच आठवड्यात जायचाय. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

रानवारा: चांगला म्हणजे किती? सिटिझन की व्हिसा? कॉलेजात सायन्सचं काय काय घेतलं होतं?

बेडेकर_मसाला: ब्रिन मॉर मुलींचं कॉलेज ना? माझ्या भाच्याला चालेल का?

रानवारा: पोस्ट-बॅकला मुलगेही घेतात. पण धागा भाच्याचा नाही.

खारी_बिस्किट: निबंध सोडा, आधी पेशंटजवळ उभं राहू दे. आमचा मुलगा वर्षभर इमर्जन्सीत स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी टिपणारा) होता, त्यावरच काम झालं. आजी आजारी पडली आणि मला डॉक्टर व्हावंसं वाटलं, हा निबंध प्रत्येक देसी पोर लिहितं.

मिसळ_विदाऊट_पाव: स्क्राइब म्हणजे टायपिंग हो. त्यापेक्षा ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करायचं ट्रेनिंग, करावं.

खारी_बिस्किट: तुमच्या घरात कोणी केलंय का ईएमटी?

मिसळ_विदाऊट_पाव: मी स्वतः. अँब्युलन्सवर तीन वर्षं.

पेठकर: एवढा खर्च कशाला? सरळ जॉर्जियाला पाठवा, निम्म्यात एमडी.

बेडेकर_मसाला: अटलांटात निम्म्यात?

पेठकर: ते नव्हे हो, जॉर्जिया देश, तिबिलिसी!

सईची_आई: अहो, जॉर्जिया कोणी विचारलं? जीपीए ३.५, सिटिझन आहे. सायन्स काहीच नाही. म्हणजे सुरुवातीला बायो आणि जनरल केमिस्ट्री झाली होती, मग ऑरगॅनिकला सी आला आणि सोडलं. मेजरमध्ये नव्हतं म्हणून लिहिलं नाही. अर्जात दाखवावं लागतं का?

रानवारा: ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! ट्रान्सक्रिप्ट सगळ्या जातात, लपत काही नाही. ब्रिन मॉर, गाउचर हे करिअर-चेंजर कोर्स, म्हणजे ज्यांचं हे सायन्स झालेलंच नाही त्यांच्यासाठी. सईचं बरंच झालंय. अर्जाआधी त्यांना एक ईमेल टाका, चालतं का ते विचारा. नाही म्हणाले तर ग्रेड सुधारण्यासाठीचे वेगळे पोस्ट-बॅक असतात, ते बघा. ऑरगॅनिक पुन्हा केलं तरी एएमसीएएस (मेडिकल कॉलेजांच्या अर्जांची सामाईक यंत्रणा) दोन्ही ग्रेड मोजतं, जुना सी पुसला जात नाही. त्यामुळे यापुढे ए-च हवेत. आणि निबंधात त्या सी बद्दल दोन सरळ ओळी, रडगाणं नको.

खारी_बिस्किट: आणि स्क्राइब.

सईची_आई: बायो आणि केमिस्ट्रीचे ग्रेड विचारायला गेले तर सई म्हणाली, "आई, तू हे फोरमवर टाकलंस?" दार लावून बसलीय. ईमेलचं उद्या बघते.