पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधले एरर मेसेज कॅशियरला कळतील असे कसे लिहावेत?

नवखा_डेव्हलपर:
आम्ही तिघं जण पतसंस्थांसाठी वेब सॉफ्टवेअर करतो. काउंटरवरून येणारे बरेचसे फोन 'हे काय आलंय स्क्रीनवर?' एवढ्यासाठीच असतात. काल एका शाखेत सभासदाचं खातं बंद करताना मायएसक्यूएल या डेटाबेसचा 'कॅनॉट डिलीट ऑर अपडेट अ पेरेंट रो' (या नोंदीला दुसरी नोंद जोडलेली आहे, म्हणून ती काढता येत नाही) जसाच्या तसा दिसला. सगळे मेसेज मराठीत करून टाकले तर भागेल का?

हेल्पडेस्कवाली:
नाही भागणार. तो मेसेज मराठीत केलात तरी फोन येणारच. खातं का बंद होत नाही? बहुतेक तो सभासद दुसऱ्या कुणाच्या कर्जाला जामीनदार असेल. मग तेच लिहा: 'हे सभासद कर्ज खाते क्र. ४१२ ला जामीनदार आहेत. आधी जामीनदार बदला, मग खाते बंद करता येईल.' डेटाबेसला हे माहीत असतं, तुम्ही विचारत नाही एवढंच.

मी अशाच सॉफ्टवेअरचे फोन घेते, म्हणून थोडं सविस्तर. आयएफएससीत, म्हणजे बँक शाखेच्या कोडमध्ये, ११ अक्षरं असतात आणि पाचवं शून्य. लोक तिथे हमखास इंग्रजी ओ टाकतात. त्यावर लाल पट्टी कशाला? तुम्हीच शून्य करून घ्या. मोबाइल नंबर कुणी मराठी कीबोर्डवरून टाकला तरी तेच. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) बॅकस्लॅश-डी, म्हणजे 'इथे आकडा हवा' ही खूण, फक्त इंग्रजी आकडे ओळखतो; सर्व्हरवर पायथन असेल तर त्याचा मराठीही ओळखतो. म्हणजे सर्व्हरला चाललं असतं ते ब्राउझरच अडवतो, आणि टाकणाऱ्याला दहाच्या दहा आकडे बरोबर दिसत असतात! आधी आकडे बदलून घ्या, मग तपासा.

आधारचं वेगळं. त्यातला शेवटचा, बारावा आकडा व्हेरहॉफ नावाच्या गणिती पद्धतीने आधीच्या आकड्यांवरून काढलेला, तपासणीसाठीचा असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले की चूक पकडली जाते, पण नेमकी कुठे ते कळत नाही. 'आधार अवैध' दाखवलंत की काउंटरपलीकडची आजी घाबरते, आपलं कार्ड खोटं निघालं म्हणून. 'टाइप करताना एखादा आकडा चुकलाय, कार्डावरून पुन्हा जुळवा' असं म्हणा.

आणि पैशांचं. एनईएफटी पाठवल्यावर सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर 'व्यवहार अयशस्वी' लिहू नका. तो झालेलाही असू शकतो. कॅशियर पुन्हा बटण दाबणार आणि पैसे दोनदा जाणार. 'उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवू नका, आधी व्यवहार यादीत बघा.' शिवाय प्रत्येक व्यवहाराला पाठवण्याआधीच वेगळा क्रमांक द्या, म्हणजे कुणी पुन्हा दाबलंच तरी तोच क्रमांक बघून सर्व्हर दुसरा नाकारेल.

सिक्युरिटीवाला:
इतकं उघड सांगणं धोक्याचं. लॉगिनला 'पासवर्ड चुकला' म्हटलं की युजरनेम बरोबर आहे हे चोराला कळतं.

हेल्पडेस्कवाली:
लॉगिनपुरतं मान्य, तिथे मोघमच ठेवा. पण त्या नावाखाली अख्खं सॉफ्टवेअर मुकं करू नका. आतला तपशील लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) जाऊ दे, स्क्रीनवर फक्त सहा आकडी संदर्भ क्रमांक. अक्षरं नकोत; फोनवर बी, डी, पी ओळखण्यात माझा जीव जातो.

काउंटर_नं_२:
मी कॅशियर. मेसेज काहीही लिहा, पण तो कोपऱ्यात येऊन लगेच पळतो त्याचं आधी बघा. चष्मा डोळ्यावर येईपर्यंत गायब. आणि एक चूक झाली की भरलेला अख्खा फॉर्म कोरा, इकडे पार्टी समोर उभी.

नवखा_डेव्हलपर:
दोन्ही आजच बदलतो. जामीनदाराचंही पटलं. हा कसा वाटतो: 'क्षमस्व! तांत्रिक अडचणीमुळे पावती छापता आली नाही. कृपया नंतर प्रयत्न करा.'

हेल्पडेस्कवाली:
रक्कम जमा झाली की नाही? सभासद तेवढंच विचारणार. 'रु. ५,००० जमा झाले. पावती छापली गेली नाही, प्रिंटर बंद दिसतो. चालू करून "पुन्हा छापा" दाबा.' आणि ते क्षमस्व काढा, ओळ उगाच लांबते.